फायब्रॉइड निघालं आणि मूल हवंय: ख्रिस्ती जोडप्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

इंदूरमध्ये सोनोग्राफी करून बाई बाहेर येते ती बहुतेकदा एकच वाक्य घेऊन: "बच्चेदानी में गांठ है." रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि डॉक्टर मॅडमची वेळ दोन दिवसांनी मिळालेली असते. त्या दोन दिवसांत घरात वाक्याला पाय फुटतात. सासूबाई कॅन्सरचं नाव घेतात, माहेरून फोन येतो की आता मूल कसं होणार, आणि चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या मावशी प्रार्थनेच्या निमित्ताने येऊन हळूच विचारतात, "घरात काही कबूल करायचं राहिलंय का गं?"

मी स्त्रीरोग विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काम केलं. आमच्या घरी मराठी, रविवारची उपासना हिंदीत. नगर, जालना, नागपूर अशा ठिकाणांहून इथे येऊन स्थायिक झालेली अशी पुष्कळ ख्रिस्ती घरं इंदुरात आहेत. वॉर्डात ज्या प्रश्नांना मी उत्तरं देत होते, तेच प्रश्न महिला मंडळाची सभा संपल्यावर चपला घालता घालता कानात विचारले जातात. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहिते आहे. मूल हवं असलेल्या जोडप्याने फायब्रॉइडच्या बाबतीत घाबरून काही करू नये आणि नुसतं वाट बघत वर्षंही घालवू नयेत, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूतून वाढलेली गाठ असते. ती कॅन्सर नसते. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर वेगळा आणि फार दुर्मिळ असतो. तो साध्या फायब्रॉइडमधून होतो असं आज मानलं जात नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सवर गाठ पोसते, म्हणून ती पाळीच्या वयात वाढते आणि पाळी गेल्यावर आकसते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत वयाच्या पन्नाशीपर्यंत ७० ते ८० टक्के बायकांमध्ये फायब्रॉइड आढळले होते. त्यातल्या पुष्कळ जणींना त्याचा पत्ताही नव्हता. आईला किंवा बहिणीला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. कुणाच्या नजरेने, थंड खाण्याने किंवा लग्नाआधीच्या एखाद्या चुकीने गाठ होत नाही.

मूल न होणाऱ्या बायकांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणींच्या गर्भाशयात फायब्रॉइड सापडतं. पण बाकी सगळं ठीक असून केवळ फायब्रॉइडमुळे मूल राहत नाही, अशा फक्त दोन-तीन टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. गाठ दिसली म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही.

पहिलं पाऊल: रिपोर्टमध्ये गाठीची जागा शोधा

घरी सगळे विचारतात गाठ केवढी आहे. डॉक्टरांना आधी विचारायचं ते गाठ कुठे आहे. गर्भाशय एक खोली आहे असं धरा. गाठ खोलीच्या आत फुगवटा काढून असेल, भिंतीच्या जाडीत असेल किंवा बाहेरच्या बाजूला लोंबत असेल. बाळ राहतं खोलीत, म्हणून आतला दीड सेंटिमीटरचा फुगवटा बाहेरच्या सहा सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा जास्त आडवा येतो.

रिपोर्टमधली ओळ साधारण अशी असते: "इंट्राम्युरल फायब्रॉइड, पोस्टेरिअर वॉल, ३.२ × २.८ सेंटिमीटर, एंडोमेट्रियल कॅव्हिटी नॉट डिस्टॉर्टेड." म्हणजे गाठ भिंतीच्या जाडीत, मागच्या बाजूला, लिंबाएवढी आहे आणि आतल्या पोकळीचा आकार बिघडलेला नाही. यातले शेवटचे शब्द सगळ्यात मोलाचे. "सबम्युकोसल" लिहिलं असेल तर गाठ आतल्या अस्तराखाली येऊन पोकळीत शिरते आहे. गर्भ रुजायला अडथळा आणि गर्भपाताचा धोका, दोन्ही या प्रकारात सर्वांत जास्त. "सबसिरोसल" म्हणजे बाहेरच्या बाजूची. ती मूल राहण्याच्या आड जवळजवळ येत नाही. भिंतीतली गाठ पोकळीला दाबत असेल तर त्रासाची. दाबत नसेल तर तिचा परिणाम थोडा असतो, आणि ती काढल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते याचा भक्कम पुरावा आजही नाही.

काही रिपोर्टांत ० ते ८ असा आकडा लिहिलेला असतो. २०११ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला तो क्रमांक आहे. ०, १ आणि २ म्हणजे पोकळीत शिरलेल्या गाठी. हा आकडा दिसला तर वहीत लिहून ठेवा, कारण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर त्या एका आकड्यावरून त्यांना पुष्कळ कळतं.

पोकळीबद्दल रिपोर्टमध्ये काहीच लिहिलं नसेल तर स्पष्ट विचारा: "मॅडम, कॅव्हिटीवर दाब आहे का?" पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे नीट कळत नाही. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बरंच कळतं, आणि तरी शंका राहिली तर गर्भाशयात थोडं सलाईन सोडून सोनोग्राफी करतात किंवा दुर्बिणीने आत बघतात. सलाईनची तपासणी पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करायची असते, तेव्हा तारीख धरूनच वेळ घ्या. एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठी पुष्कळ असतील, किंवा फायब्रॉइड आहे की अ‍ॅडेनोमायोसिस हे ठरत नसेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये अस्तर भिंतीत पसरलेलं असतं. सोनोग्राफीत तो फायब्रॉइडसारखा दिसू शकतो, पण गाठीसारखा अलग काढता येत नाही. ऑपरेशन ठरवण्याआधी हा फरक झालेला बरा.

दुसरं पाऊल: रक्त किती जातंय ते मोजा, आणि लाजू नका

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासाला पॅड भिजतो, रात्री उठून बदलावा लागतो, मोठ्या गुठळ्या पडतात, यातलं काहीही असेल तर ते "आमच्या घरात सगळ्यांनाच असं" म्हणून सोडू नका. दोन पाळ्या वहीत लिहा: कुठल्या दिवशी किती पॅड, गुठळी केवढी, चक्कर आली का. डॉक्टरांसमोर "खूप जातं" म्हणण्यापेक्षा ही वही दहापट कामाची. वारंवार लघवीला लागणं, बद्धकोष्ठ, ओटीपोटात जडपणा हेही त्याच पानावर लिहा.

मग हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईचं १२च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये अ‍ॅनिमिया निघाला. फायब्रॉइडची बाई त्यात आणखी खोल जाते. सात-आठ हिमोग्लोबिन घेऊन जिने चढणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, रविवारी क्वायरमध्ये उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना वाटत होतं की थकवा म्हणजे आपला आळस. मूल राहण्याआधी हे रक्त भरून निघायलाच हवं, कारण बाळंतपणात शरीराला तीच शिल्लक लागते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. इंदुरात सकाळी पोहे आणि चहा सुटत नाही हे मला माहीत आहे, पण चहाने लोह शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तास ठेवा, आणि पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गोळीच्या वेळीही पाण्यात पिळून घ्या. शौच काळी झाली तर घाबरू नका, ती गोळीमुळे होते. हिमोग्लोबिन ठीक झालं तरी पुढे साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात, म्हणजे साठा भरतो. गोळी सोसत नसेल किंवा ऑपरेशन जवळ असेल तर लोह शिरेतून देतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपास करणाऱ्या बहिणींना माझी कळकळीची विनंती: अ‍ॅनिमिया असताना जेवणाचा उपास धरू नका, पाळकांना सांगून दुसरं काही सोडा. गोळी तर एकही दिवस चुकवू नका.

लाज ही या आजाराची मोठी अडचण आहे. किती पॅड लागतात हे नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बायका आहेत. मार्कच्या पाचव्या अध्यायातली बारा वर्षं रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री इथे नीट वाचायला हवी. लेवीय १५ प्रमाणे ती अशुद्ध, तिने स्पर्श केला तर समोरचाही अशुद्ध. तिने वैद्यांवर होतं नव्हतं ते सगळं खर्च केलेलं. ती गर्दीतून मागून येते, कुणाला कळू नये म्हणून. प्रभू थांबतो, तिला पुढे बोलावतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि सर्वांसमक्ष तिला मुलगी म्हणतो. वैद्यांकडे गेलीस म्हणून तो तिला रागावत नाही. ज्याच्यासमोर ती हे बोलू शकली, त्याच्या मंडळीत रक्तस्राव हा न उच्चारायचा शब्द असू नये.

तिसरं पाऊल: नवऱ्याचीही तपासणी

इथे मी सर्वांत ठाम आहे. बायकोच्या गर्भाशयात गाठ सापडली की नवऱ्याची तपासणी मागे पडते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. वीर्यतपासणी स्वस्त आहे, त्यात कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, आणि पहिला रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायचा. त्याआधी बायकोला टेबलवर घेऊ नये. माझ्या नोकरीच्या काळात गाठ काढून वर्ष उलटल्यावर नवऱ्याचा पहिला रिपोर्ट झाल्याची उदाहरणं झाली, आणि दोष सगळा तिथेच निघाला.

"आमच्या घरात पुरुषांना असं नसतं" हे वाक्य ऐकलं की उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय काढा. रिबेकाला मूल होत नव्हतं तेव्हा इसहाकाने तिच्यासाठी परमेश्वराजवळ विनंती केली. लग्नाच्या वेळी तो चाळीस वर्षांचा होता आणि जुळी मुलं झाली तेव्हा साठ. वीस वर्षं त्याने हा प्रश्न आपला मानला.

बायकोच्या बाजूने थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अंडाशयाचा साठा सांगणारी एएमएच तपासणी, आणि गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी हा एक्स-रे एवढं साधारण लागतं. नियमित संबंध असून एक वर्षात गर्भ राहिला नाही तर तपासण्या सुरू करतात. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. बीजांचं वय थांबत नाही. फायब्रॉइड वर्षभर थांबू शकतं, अडतीस वर्षांचं अंडाशय थांबत नाही. लग्न उशिरा झालेल्या बहिणींनी हे वाक्य विसरू नये.

चौथं पाऊल: दोष कुणाचा, हा प्रश्न बाजूला काढा

मावशींच्या त्या कुजबुजीला उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते असं आधी सांगितलंय, आणि लगेच पुढे, त्यांना मूल नव्हतं. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, त्याचं की आईबापांचं. येशू दोन्ही नाकारतो. एवढं असूनही एखाद्या आजारी बाईला कबुली मागणं हे शास्त्राला धरून नाही, आणि पाळकांनी ते व्यासपीठावरून सांगावं अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरी अडचण याच्या उलट बाजूची. "मी विश्वासाने बरी झाले आहे, आता गोळ्या घेणार नाही" असं ठरवून रक्तस्राव सोसणाऱ्या बहिणी मी पाहिल्या. प्रार्थनेने देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण यशया ३८ मध्ये हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेली, त्याला पंधरा वर्षं वाढवून मिळाली, आणि तरी यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच. प्रार्थनेनंतर गाठ गेली असं वाटत असेल तर आनंदाने पुन्हा सोनोग्राफी करा, साक्ष त्यानंतर द्या. गोळी डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

आपल्या शहरात हे दोन्ही एकत्रच आले आहेत. १८८४ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने डॉ. एलिझाबेथ बीटी यांना इंदूरला पाठवलं आणि दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या, कारण पुरुष डॉक्टरांपुढे न जाणाऱ्या बायका उपचारावाचून राहत होत्या. ज्यांच्या हातून आपल्याकडे शुभवर्तमान आलं, त्यांच्याच हातात स्टेथोस्कोप होता.

पाचवं पाऊल: उपचार, आणि कधी काहीच न करणं

त्रास नाही, पोकळी साफ, गाठ लहान आणि वय हाताशी, तर गाठीला हात न लावता मूल राहायचा प्रयत्न करणं हाच योग्य उपचार असतो. सहा महिने ते वर्षाने सोनोग्राफी करत राहायची. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करायचं. "काहीच करायचं नाही" ऐकून रुग्णाला वाटतं डॉक्टरांना गांभीर्य नाही, आणि मग ती दुसऱ्या दवाखान्यात जाऊन नको असलेलं ऑपरेशन करून घेते.

रक्तस्राव जास्त असेल तर ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या देतात. हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन रक्तस्रावावर चांगलं काम करतात, पण ती चालू असताना गर्भ राहत नाही, म्हणजे ती मध्यंतरीची सोय. कॅथलिक बहिणींना इथे अपराधी वाटतं. १९६८ च्या "ह्यूमाने व्हिटे" या पत्रकातच पोप पॉल सहावे यांनी स्पष्ट केलंय की शरीराचा आजार बरा करायला लागणारा उपचार, त्याने गर्भधारणा थांबत असली तरी, निषिद्ध नाही, फक्त गर्भधारणा थांबवणं हा हेतू नसावा. फादरना एकदा विचारून मन मोकळं करा. काही इंजेक्शनं तात्पुरती रजोनिवृत्ती आणून गाठ लहान करतात. ती ऑपरेशनआधी दोन-तीन महिने देतात, थांबवली की गाठ पुन्हा वाढते. रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवण्याची पद्धतही आहे, पण पुढे मूल हवं असणाऱ्यांना ती सहसा सुचवत नाहीत.

गाठ वितळवणारे काढे, चूर्णं, तेलं यांच्या जाहिराती भरपूर आहेत. खाण्यापिण्याने किंवा काढ्याने फायब्रॉइड विरघळल्याचं सिद्ध झालेलं नाही. आशीर्वादित तेल लावून प्रार्थना जरूर घ्या, याकोबाच्या पत्रात तशी आज्ञाच आहे. पण बाटलीवर किंमत छापलेल्या तेलापासून दूर राहा.

सहावं पाऊल: ऑपरेशन सुचवलं तर

गाठ काढून गर्भाशय ठेवणं म्हणजे मायोमेक्टॉमी. गर्भाशयच काढणं म्हणजे हिस्टरेक्टॉमी. फॉर्मवर यातला कुठला शब्द आहे ते सहीआधी स्वतः वाचा. "मुलं झाली नाहीत, वय झालं, काढूनच टाका" असा सल्ला आजही दिला जातो. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते मराठी वाचकांना सांगायला नको. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक हिस्टरेक्टॉमी रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. मूल हवं असलेल्या बाईला फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढायला सांगितलं तर दुसरं मत घेणं हा तिचा हक्क आहे. सरकारी मत हवं असेल तर एमवाय आणि एमटीएच हॉस्पिटलांत स्त्रीरोग विभाग आहेत, रांग लावावी लागेल एवढंच. आयुष्मान कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात त्यात बसतं का, ते भरती होण्याआधी आयुष्मान काउंटरवर विचारा.

पोकळीतली गाठ योनिमार्गातून दुर्बीण घालून काढतात, पोटावर टाका नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. या प्रकारात ऑपरेशनचा फायदा सर्वांत स्पष्ट. भिंतीतल्या मोठ्या गाठींसाठी लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने, किंवा पोट उघडून. गाठी पुष्कळ आणि खोल असतील तर उघडून केलेलं ऑपरेशन मागासलेलं समजू नका, गर्भाशयाची शिवण हाताने भक्कम घालता येते.

सहीआधी विचारायचं ते असं:

- किती गाठी काढणार, आणि कुठल्या सोडणार?
- पोकळी उघडावी लागेल का?
- रक्त लागलं तर सोय कुठली? (घरातल्या दोघांनी आधीच रक्तदान करून ठेवलं तर उत्तम.)
- लॅप्रोस्कोपीत गाठीचे तुकडे पिशवीत धरून काढणार ना?
- जिवावर बेतल्याशिवाय गर्भाशय काढणार नाही, हे फॉर्मवर लिहाल का?

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते, आणि नेमकं तेव्हा एक काम राहतं. समरीत "कॅव्हिटी उघडली" किंवा "उघडली नाही" हे लिहून घ्या. पुढच्या बाळंतपणात कळा सोसू द्यायच्या की सिझेरियन ठरवायचं, हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं, आणि तेव्हा हॉस्पिटल दुसरं असू शकतं. बायोप्सीचा रिपोर्टही त्याच फाइलमध्ये लावा.

दुर्बिणीने काढलेल्या गाठीनंतर दोन-तीन पाळ्या, पोटातून केलेल्या ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. त्यापुढे उगाच लांबवू नका. काही वर्षांत नव्या गाठी येऊ शकतात, तेव्हा मोकळं झालेलं गर्भाशय म्हणजे मिळालेला वेळ आहे.

सातवं पाऊल: आयव्हीएफचा प्रश्न

आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडणं. इथे ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त गोंधळ आहे, कारण आपल्यात एकच उत्तर नाही. कॅथलिक चर्चची भूमिका १९८७ च्या "डोनुम व्हिटे" आणि २००८ च्या "डिग्निटास पर्सोने" या दस्तऐवजांत आहे. पती-पत्नीच्या संबंधाला साहाय्य करणारा उपचार चालतो, त्याची जागा घेणारा नाही. म्हणजे फायब्रॉइड काढणं, नळ्या दुरुस्त करणं, बीज पक्व व्हायला औषध देणं याला हरकत नाही. आयव्हीएफला आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये अशी एक सर्वांना बंधनकारक मनाई नाही, निर्णय जोडप्याच्या विवेकावर आणि पाळकांच्या सल्ल्यावर राहतो.

आयव्हीएफ करायचंच ठरलं तर भ्रूणांचा विचार पैशाच्या आधी करा. बहुतेक जोडपी तो नंतर करतात आणि मग झोप उडते. किती बीजं फलित करणार, किती भ्रूण होतील, उरलेले गोठवणार का, त्यांचं पुढे काय, हे पहिल्या भेटीत विचारा. कमी बीजं फलित करून एकेक भ्रूण सोडायला सांगता येतं. त्याने खर्च वाढेल आणि वेळही जाईल, पण तुमचं मन कशाला तयार आहे हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी असणं बंधनकारक आहे. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ लागतं, आणि भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतात. पोकळी बिघडवणारी गाठ असेल तर ती आधी काढतात, नाहीतर सगळा खर्च वाया जाण्याची भीती.

गर्भ राहिल्यावर

फायब्रॉइड असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण नीट होतं. मधल्या महिन्यांत गाठीत अचानक दुखू शकतं. आराम आणि पॅरासिटामोलने ते बहुधा शमतं, पण दुखण्याची दुसरी गोळी मनाने घेऊ नका. रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. बाळ आडवं असण्याची आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी जास्त, म्हणून नाव रक्तपेढीची सोय असलेल्या हॉस्पिटलातच घाला. गर्भपात झाला तर त्या बाळासाठी प्रार्थना मागायला संकोच करू नका. पाळकसाहेब आपणहून विचारत नसतील, पण सांगितलं तर ते घरी येतात.

मूल झालं नाही तर, आणि मंडळीचं काम

मूल नसलेल्या हन्नाच्या गोष्टीत आपण शमुवेल जन्मला इथे पोचायची घाई करतो. १ शमुवेल १:१८ हळू वाचा. मंदिरातून उठल्यावर ती जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. तेव्हा अजून काहीच घडलं नव्हतं, गर्भ पुढे राहिला. आणि त्याच अध्यायात याजक एलीने तिला दारू प्यालेली समजून दटावलं होतं. तिने समजावल्यावर त्याने शब्द बदलले आणि तिला आशीर्वाद दिला. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हा दुसरा एली व्हावं. प्रार्थना सभेत कुणाचं नाव घेऊन "या बहिणीची कूस उघड" अशी मोठ्याने विनंती करण्याआधी तिला विचारावं. मदर्स डेला फक्त आयांना उभं करून फुलं देऊ नयेत. तिच्याबरोबर ओपीडीत बसायला एक जण द्यावी, ऑपरेशननंतर आठवडाभर डबा द्यावा.

दत्तकाबद्दल एक गैरसमज अजून आहे की ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक घेता येत नाही. पूर्वी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, आईबाप नाही. आता २०१५ च्या जुव्हेनाईल जस्टिस कायद्याप्रमाणे कुठल्याही धर्माच्या जोडप्याला मूल दत्तक घेता येतं, आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात. लग्नाला निदान दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. अर्ज केंद्र सरकारच्या "कारा" या संस्थेच्या पोर्टलवर स्वतः करायचा, मध्ये कुणी एजंट लागत नाही. नर्सिंग होममधून थेट बाळ मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो गुन्हा आहे. प्रतीक्षा लांब असते, म्हणून उपचार चालू असतानाच चौकशी करून ठेवली तरी काही बिघडत नाही.